तिसरा वॉटर पंप

आमच्या वडिलांचा, आबांचा, डावा पाय वाकत नाही. मांडीचा सांधा धरला तेव्हापासून त्यांना कारमध्ये बसताच येत नाही. म्हणून मी आमची जुनी मॅटाडोर विकली नाही. मधलं बाकडं काढून तिथं त्यांची लोखंडी खुर्ची बोल्टनं घट्ट बसवली. पाय लांब करून, बाहेरचा ऊस बघत आबा काटेवाडीहून बारामतीच्या दवाखान्यात जायचे.

इंजिन ठणठणीत होतं, पण वॉटर पंप गेला. कंपनीचे पार्ट आता मिळत नाहीत. बारामतीतून आणलेला पंप आठव्या दिवशी गळायला लागला. इंदापुरातून दुसरा आणला, त्याचं बेरिंग महिन्याभरात वाजायला लागलं. पुन्हा बारामतीच्या दुकानात गेलो. तिसऱ्याच्या खोक्यावर चकचकीत स्टिकर होता, पण पंप हातात घेताच हलका लागला.

दुकानदार म्हणाला, "घ्यायचा तर घ्या. ह्याच्याबिगर दुसरा कुठंच न्हाय."

मी घेतला.

पंधरा दिवसांनी सकाळी पळसदेवहून आतेबहिणीचा फोन आला. आत्याचं काही खरं नव्हतं, आणि ती सारखी भावाला विचारत होती. आबांना खुर्चीत बसवलं, पाण्याचे दोन कॅन टाकले आणि निघालो.

भिगवणच्या पुढं इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला. पुढच्या दोन सीटांमधलं इंजिनचं झाकण उघडलं, तर पंपातून पाण्याची धार लागलेली. एक कॅन ओतून थोडं पुढं गेलो. दुसरा ओतला, तेवढ्यात पंपाची पुली डुगडुगली आणि पट्टा तुटला.

पंप बसवून देणाऱ्या बारामतीच्या मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "येतो की. पण येऊन बसवू काय? माझी चूक असती तर दुरुस्त केली असती. मालातच दम न्हाय."

एका कारवाल्यानं गाडी थांबवली. आम्ही दोघांनी आबांना उचलून बघितलं. पाय दारात अडला आणि ते कळवळले. पुन्हा खुर्चीत बसवलं.

"तू जा त्यांच्यासंगं," आबा म्हणाले. "मी बसतो हितं."

शेजारून ट्रक गेला की सगळी गाडी हलत होती. त्यांना तिथं एकटं टाकून माझं पाऊल उचलेना. मी आतेबहिणीला फोन लावला. तिनं तो आत्याच्या कानाशी धरला.

"अक्के, मी निघालोय गं," आबा ओरडून बोलले. "भिगवणच्या पुढं हाय. गाडी जरा तापलीय. थांब जरा. ऐकतीस न्हवं? थांब."

पलीकडून नुसती घरघर येत होती. आबा थांब, थांब म्हणत राहिले. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

शेवटी एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला ओढत पळसदेवला नेलं. आत्याला तोवर अंगणात ठेवलं होतं. दोघांनी आबांना धरून तिच्याजवळ उभं केलं. त्यांना वाकता येईना. हातातला हार त्यांनी माझ्याकडे दिला, तो मी घातला.

दहाव्याला जायचं म्हणून चौथा पंप बसवला, त्याच दुकानातला. दुसरीकडं कुठं मिळतच नव्हता.

निघताना आबांनी विचारलं, "ह्या बारीला पोचू का रं?"

"म्हाईत न्हाय, आबा," मी म्हणालो.