इडामावशी आणि बारीक शेपटीची पाल

“थांबा, आधी शेपूट बघू दे.”

इडा ट्रेझाईज हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायची. पेटीत पाल घेऊन आलेल्याला म्हणायची, आणि कुत्रा अंगावर आला अशी तक्रार करणाऱ्या पोस्टमनलाही म्हणायची.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टात रेल्वेच्या जुन्या शेडमागे तिचं पत्र्याचं घर आहे. नवरा पर्सी तिथे फिटर होता. तो गेल्यावर त्याच्या हत्यारांच्या फळ्यांवर तिने काचेच्या पेट्या मांडल्या आणि पाली सांभाळायला लागली. शाळा तिची सातवीपर्यंतची. मेंढ्या कातरणाऱ्या टोळ्यांचा स्वयंपाक करत तिने तरुणपणी सगळा कोरडा मुलूख पालथा घातला होता. लाल वाळू, खारी तळी, काटेरी गवत. कुठल्या वाळूत कुठली पाल राहते हे तिने चुलीसाठी लाकडं गोळा करता करता शिकून घेतलं. चाळीस वर्षांत तिने सांगितलेलं नाव कुणी बदललं नव्हतं. आम्ही पाली पाळणारे सगळे तिला मावशी म्हणतो.

आमचा जीव जडलेल्या पाली म्हणजे गाठशेपट्या. तळहातावर मावणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या, शेपटीच्या टोकाला मण्याएवढी गाठ असलेल्या. हात पुढे केला की चार पायांवर ताठ उभ्या राहतात आणि पिल्लासारख्या भुंकतात. बहुतेकांकडे जाड शेपटीची असते. तिची शेपटी रुंद, फुगीर. सगळी चरबी तिथे साठलेली. दुसरी बारीक शेपटीची. ती उत्तरेकडच्या खाऱ्या तळ्याकाठच्या टेकड्यांवर सापडते, बाकी कुठे नाही. ती बाळगायची तर वेगळा परवाना लागतो आणि अर्जावर जाणकाराची सही. आमच्या भागात ती सही इडामावशीची.

मी रेक्स. कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवतो. पालवाल्यांच्या सभेत मी वर्षानुवर्षं शेवटच्या रांगेत बसत आलो. मला कुणी काही विचारत नसे, कारण माझ्याकडे विचारण्याजोगं काही नव्हतं.

जून महिन्यात रस्त्याच्या कामावरचा एक माणूस गाव सोडून निघाला आणि जाताना त्याची गाठशेपटी मला देऊन गेला. मी तिला मागच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीत ऊन येत नाही. उबेची पट्टी लावतो लावतो म्हणत राहून गेली. पालीने खाणं सोडलं. खायला सोडलेले रातकिडे तिच्या पाठीवरून चालायचे, ती डोळेसुद्धा वळवत नसे. पाच आठवड्यांत तिची शेपटी वाळून काडी झाली.

आणि एका सकाळी ती काडी बघून माझ्या मनात आलं, ही बारीक शेपटीची तर नसेल?

पेटी घेऊन मी मावशीकडे गेलो. तिने चष्मा चढवला, पाल तळहातावर घेतली.

“थांब, आधी शेपूट बघू दे. अरे वा! कुठून आणलीस रे ही?”

“उत्तरेच्या कामावरचा एक जण देऊन गेला.”

“भुंकत नाही ती?”

“माणसाळलीय, मावशी.”

तिने स्वयंपाकघरातला काटा काढायला हात वर केला. पीठ आणि पाली ती एकाच काट्यावर तोलायची, आणि तोलल्याशिवाय कुणाला नाव सांगायची नाही. हात फळीपाशी थांबला.

“खाते ना नीट?”

“खाते की. दर दिवसाआड चार रातकिडे.”

एवढंच बोललो. एवढं बोलायला ग्रेडरचा गिअर बदलण्याइतकाही वेळ लागला नाही.

तिचा हात खाली आला. “खाऊनपिऊन शेपटी अशी, म्हणजे ती जातच बारीक शेपटीची. तोलायला कशाला हवं? बस, चहा घे. आणि चार जास्त होतात, दोनच घालत जा. वाळू एका कोपऱ्यात ओली ठेव.” तिने अर्जावर सही केली. माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता. “चाळीस वर्षांत तिसरी बघतेय रेक्स, तिसरी!”

घरी बायकोला, ग्लेनिसला, मी सही दाखवली. ती म्हणाली, “पण ती खात कुठे...” मी रेडिओ मोठा केला.

सप्टेंबरच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसलो. टेबलावर माझी पेटी. माणसं वाकून वाकून बघत होती. शेजारच्या व्हायअला गावाहून ब्रॉनवेन आली होती. ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिने पेटीत हात घातला. पाल उठलीही नाही. ब्रॉनवेनने तिला उलटी करून पोट बघितलं, कमरेची हाडं चाचपली.

“ही जाड शेपटीची आहे,” ती म्हणाली. “उपाशी आहे बिचारी. शेपटी बारीक नाहीये, संपलीय.”

कुणीतरी मागून हसलं. “थांबा मावशी, आधी तुमचा चष्मा बघू दे!”

ब्रॉनवेन माझ्याकडे वळली. “रेक्स, ही खात होती का?”

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण मी पेटीचं झाकण पुसत राहिलो. शेवटी इडामावशी खुर्चीच्या हाताला धरून उठली.

“चूक माझी. मी शेपूट बघितली आणि पाल बघितली नाही. तोलायला हवी होती, तोलली नाही. परवान्याच्या कचेरीला मी उद्या पत्र लिहिते.”

तिने पाल उचलली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि मला म्हणाली, “ही मी नेते.” मी मान हलवली. तेवढंच मला जमलं.

त्यानंतर मावशीच्या दारात पेट्या येईनाशा झाल्या. लोक व्हायअलाला जाऊ लागले. मी रस्ता सपाट करत रोज शेडवरून जायचो आणि मान दुसरीकडे वळवायचो. ग्लेनिस जेवताना मीठ मागण्यापलीकडे बोलत नव्हती. दोनदा मी मावशीच्या फाटकापर्यंत गेलो. दोन्ही वेळा कडीला हात लावून परत आलो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, भर दुपारी, मावशीच आमच्या अंगणात आली. हातात पेटी. झाकण उघडलं. पाल चार पायांवर ताठ उभी राहिली, माझ्याकडे बघून भुंकली. शेपटी अंगठ्याहून रुंद, गुबगुबीत झाली होती.

“पहिले आठ दिवस ड्रॉपरने पाजलं,” ती म्हणाली. “मग एक रातकिडा. पाय मोडून द्यायचा, म्हणजे पळत नाही. आता नको म्हटलं तरी खाते.”

“मावशी,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी तुम्हाला...”

“ठाऊक आहे मला. ब्रॉनवेनने उलटी केली तेव्हाच दिसलं, पोटात कण नव्हता तिच्या. दोन महिने उपाशी असलेली पाल कळते रे मला.”

“मग सभेत का नाही बोललात?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते. नाही बोललास, मग उठले.” तिने झाकण लावलं. “पाली कुठून आणल्या याबद्दल लोक माझ्याशी कायम खोटं बोलत आलेत. त्याची मला सवय आहे. खाते का, यावर कुणी खोटं बोललं नव्हतं. म्हणून काट्याकडे गेलेला हात मागे आला. त्यामुळे चूक माझीही आहेच.”

“मी डिसेंबरच्या सभेत सांगतो. उभा राहून सांगतो.”

“सांग. नाहीतर नको सांगूस. तुझं तू बघ.”

मी पेटी घ्यायला हात पुढे केले. तिने पेटी पोटाशी ओढून घेतली.

“दाखवायला आणली होती,” ती म्हणाली. “द्यायला नाही.”

आणि ती निघाली. फाटक तिने हळू लावलं, पेटीला धक्का लागू नये म्हणून. तापलेल्या रस्त्यावरून, मी परवाच सपाट केलेल्या त्या रस्त्यावरून, ती शेडच्या दिशेने चालत गेली. मध्ये एकदा थांबून तिने पेटी उन्हाच्या बाजूच्या हातातून सावलीच्या बाजूच्या हातात घेतली. मी अंगणात उभा होतो. मागे खिडकीत ग्लेनिस उभी होती, आणि ती मावशीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.