उजवीकडचं दार

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, माझ्या ताईची सोयरीक एकदा घराच्या बांधणीपायी मोडण्याच्या बेतात आली होती.

दारव्ह्याचं आमचं घर म्हणजे जोडघर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कापसाच्या तेजीत आजोबांनी आणि त्यांच्या भावानं बांधलेलं. मध्ये एक जाड भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे चुलत काकू. सागवानी खांब, कमानी, कोनाडे सगळं तेच, फक्त आरशात पाहिल्यासारखं उलटं. आमच्या स्वयंपाकघरातून बैठकीचं दार उजवीकडे, कापसाच्या खोलीचं डावीकडे. काकूकडे नेमकं उलट. मधल्या भिंतीत आरपार देवळी होती; तिच्यातला एक दिवा दोन्ही चुलींना उजेड द्यायचा. पुढे आई आणि काकूचं अंगणावरून बिनसलं, बोलणं थांबलं, आणि काकूनं देवळीला फळी लावली.

एकोणीसशे साठनंतरचा एक हिवाळा. ताईला पाहायला पाहुणे यायचे होते. बाबा त्यांना आणायला स्टेशनवर गेले, आणि ते आले एस.टी.नं. आडनाव एकच, टांगेवाल्यानं त्यांना काकूच्या दारात उतरवलं. आम्हाला कळेपर्यंत ते पाणी पिऊन बसलेही. पाणी प्यालेल्या पाहुण्याला उठवून दुसऱ्या दारी न्यायचं म्हणजे आमच्याकडे बोलणी तिथंच संपली. आई पांढरीफटक पडली. आता सगळं काकूच्या जिभेवर होतं, आणि ती जीभ आम्ही चांगली ओळखून होतो.

तेवढ्यात देवळीची फळी सरकली. बांगड्या भरलेला हात आत आला.

"पोहे दे इकळे. अन् पोरीले मागच्या दारानं धाड."

ताई गेली. आई आणि मी देवळीला डोळे लावून उभ्या. ताईनं पोह्यांचं ताट उचललं, पदर सावरला आणि जन्माच्या सवयीनं उजवीकडे वळली. थेट कापसाच्या खोलीत.

बैठकीचं दार सताड उघडं. पाहुण्यांना सगळं दिसत होतं. आईनं माझा दंड आवळला. ताई बाहेर आली तेव्हा वेणीत कापूस, पदराला कापूस, पोह्यांवर कोथिंबिरीच्या जोडीला कापूस.

मुलाच्या वडिलांनी हातातला पेला खाली ठेवला आणि थंडपणे विचारलं, पोरगी याच घरची ना?

काकूनं एकदा ताईकडे पाहिलं, एकदा देवळीकडे. आईनं डोळे मिटून घेतले. मग काकूचा आवाज आला.

"आमचीच हाय जी पोरगी! लहानपणापासून अशीच वेंधळी हाय!"