मालकाला विचारून काढलेली स्क्रीन

माझ्या थोरल्या भावाला बाजारात सगळे हरिश्चंद्र म्हणतात. तोंडावर आदराने, आणि त्याची पाठ वळली की हसून. बावीस वर्षं तो लॅपटॉप दुरुस्त करतोय, पण परक्याचा एक स्क्रू त्याने कधी खिशात घातला नाही. लोक बिघडलेलं मशीन टाकून जातात, फोन उचलत नाहीत, घरं बदलतात. दादाच्या लेखी ते त्यांचंच. चिठ्ठी चिकटवून मांडणीवर ठेवायचं आणि मालक तोंडाने 'घ्या' म्हणेपर्यंत त्यातलं काही काढायचं नाही. आमचं दुकान जेमतेम आठ फुटांचं, त्यातले चार फूट या मेलेल्या लॅपटॉपांचे. मी काउंटर सांभाळते, पावत्या लिहिते, वेळ पडली तर पेचकसही हातात घेते. त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे आणि मी भरपूर बोललेय. हा ढिम्म हलत नाही.

दुसरी एक खोड. दुरुस्त केलेलं मशीन सुरू झालं की ते गिऱ्हाइकाकडे फिरवायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. लोकांची पत्रं, लोकांचे फोटो, आपण कशाला बघा!

त्या मंगळवारी सकाळी शटर वर करतोय तोच मागच्या गल्लीतली टेलरबाई आली, लॅपटॉप छातीशी धरून. तिचे मिस्टर टायपिंगचे मास्तर. अर्ध्या बाजाराला त्यांनीच टाइप करायला शिकवलं, मलाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना नसांचा आजार जडला. आधी पाय गेले, मग हात, मग वाचा. उजव्या हाताचं एक बोट तेवढं राहिलं. त्या बोटाने मास्तर लॅपटॉपवर लिहायचे आणि बाई वाचायची. 'पंखा बंद.' 'चहात साखर कमी.' 'तू जेवलीस का?' नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे एवढंच.

"काल संध्याकाळी स्टँड कलंडला हो," बाई म्हणाली. "पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला. स्क्रीन गेली, तरी हे सकाळपर्यंत बोट हलवत होते. मला काय कळणार? बटणांवरची अक्षरं कधीच पुसली गेलीत. ह्यांच्या बोटाला ती पाठ आहेत, मला थोडीच?"

दादाने लॅपटॉप फिरवून पाहिला. स्क्रीन काळी ठिक्कर, वरची काच तडकलेली, डाव्या कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा गायब.

"हा तुकडा कुठाय?"

"पडला असेल कुठेतरी. सापडेल झाडताना."

"लिही," दादा मला म्हणाला, "कोपऱ्याचा तुकडा आलेला नाही." मी पावतीवर लिहिलं. नंतर वाद नको ना!

मॉडेल जुनं. तसली स्क्रीन बाजारात येणं बंद झालेलं, आणि बाहेरचा मॉनिटर जोडायची खाच आधीच मेलेली. पण आमच्या मांडणीवर अगदी तस्संच मशीन होतं. एका विमा एजंटाचं. चहा सांडून बोर्ड जळालेला, स्क्रीन मात्र ठणठणीत. चार वर्षं धूळ खात होतं.

"काढ की," मी म्हटलं. "आठ स्क्रू आणि एक पट्टी. अर्ध्या तासाचं काम."

"विचारतो," दादा म्हणाला.

एजंटाचा नंबर बंद. दादाने बाईला तात्पुरता म्हणून दुकानातला दुसरा लॅपटॉप दिला, एवढं त्याला सुचलं. संध्याकाळी ती तो परत घेऊन आली. बटणं कडक, मास्तरांच्या बोटात तेवढा जोर नव्हता.

"पापण्यांनी हो-नाही सांगायचे, तेही आता जमत नाही," ती म्हणाली. "सारखे घामाघूम होतायत. मी आपली चमच्याने पाणी पाजते. किती वेळ लागेल हो दादा?"

"मालक सापडला की लगेच."

बुधवारी माझं डोकं फिरलं. "अरे, त्या माणसाची वाचा तुझ्या मांडणीवर पडलीय! एजंट आलाच भांडायला, तर माझं नाव सांग."

"आज त्याचं काढलं तर उद्या कुणाचंही काढेन," तो म्हणाला, आणि सायकल काढून एजंटाच्या जुन्या पत्त्यावर गेला. तिथून कुणाकडे, मग आणखी कुणाकडे. गुरुवारी दुपारी एकदाचा नंबर मिळाला.

"कुठला लॅपटॉप?" एजंट हसायलाच लागला. "अहो, अजून ठेवलाय तुम्ही? मी तर कधीच भंगारात गेला असं धरून चाललो होतो. घ्या हो, घ्या!"

दादाने पंचवीस मिनिटांत स्क्रीन बसवली. मी सांगायला धावत गेले. बाईच्या दाराशी चपलांचा ढीग होता. मास्तर पहाटेच गेले होते.

बाराएक दिवसांनी बाई स्वतःच दुकानात आली. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सुरू करा."

दादाने बटण दाबलं, मशीन तिच्याकडे फिरवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मास्तर लिहीत होते तेच पान उघडलं. मी काही हरिश्चंद्र नाही. मी वाकून वाचलं.

'पाठीत काच. पाठीत काच. उशी काढ. पाठीत काच.'

पानभर तेच. काळ्या स्क्रीनवर, न बघता लिहिलेलं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

बाई शेवटपर्यंत वाचत गेली. "हे गेल्यावर अंग पुसताना निघाली ती," ती म्हणाली. "पाठीमागच्या उशीच्या खोळीत. रक्ताने चिकटलेली. रोज कूस बदलायचे मी, आणि परत त्याच उशीला टेकवायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पाणी पाजत होते गं."

मी बोटांवर मोजलं. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार पहाट.

"हिचा मालक काय म्हणाला?" तिने स्क्रीनवर हात ठेवून विचारलं.

खोटं बोलायची वेळ होती ती. 'नाहीच म्हणत होता, फार विनवावं लागलं,' एवढं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? पण आमचा हरिश्चंद्र! भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "म्हणाला, कधीच भंगारात गेली असेल असं वाटलं होतं."

"मग विचारायला कशाला गेलात?"

दादा वळला नाही. ते तिन्ही दिवस पेचकस माझ्याच पुढ्यात होता, आणि आठ स्क्रू मलाही काढता येतात.