ठमीचे डोंगर

मावशी लहान मुलांना चित्रकला शिकवायची. म्हणजे काहीच शिकवत नाही, असं गल्लीतल्या आईबापांचं म्हणणं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर मोठाले कागद पसरायचे, पोरांच्या हाती जाडजूड खडू द्यायचे आणि विचारत बसायचं. ‘आजोबा जेवतायत? बरं. मग त्यांचे हात कुठे गेले?’ एवढं विचारलं की पोरगं धावत घरी जाऊन आजोबांचे हात न्याहाळून येई. आता याला शिकवणं नाही तर काय म्हणायचं? पण सांगणार कोणाला.

तिची लाडकी शिष्या म्हणजे भाची, ठमी. बहिणीची नोकरी लांबची, म्हणून शाळेत जाईपर्यंत ठमी मावशीकडेच वाढली. तिच्या चित्रात मांजर घराहून मोठं असे, कारण तिला घरापेक्षा मांजर आवडे. मग बहिणीने लेकीला नेलं. आईच ती, नेणारच. पण मावशीला घर खायला उठलं. पोरं येत, खडू मोडत, भांडत; हिचं लक्ष आपलं दाराकडे.

फोनवर ठमीची चित्रं यायची. हळूहळू त्यातलं मांजर लहान झालं, मग गेलंच. आले दोन टोकदार डोंगर, मध्ये सूर्य, पट्टीने आखलेलं घर. नव्या क्लासात सगळ्यांना तेच काढायला लावत. मावशी फोनवर एकेक चित्र मोठं करून बघे. चित्रात पोरगी ओळखू येईना. उद्या पोरीला तरी मावशी ओळखू येईल का?

सुट्टीत ठमी आली आणि आईच्या मागे लपली. मावशीने कागद पसरला, खडू ठेवले आणि मांडी घालून बसली. बऱ्याच वेळाने ठमी जवळ आली. म्हणाली, ‘पट्टी दे.’

‘पट्टी नाही गं माझ्याकडे.’

‘मग तू डोंगर कसा काढतेस?’

‘मला कुठे येतो?’ मावशीच्या तोंडून निघून गेलं.

ठमीला तिची दयाच आली. ती सरळ मावशीच्या मांडीत येऊन बसली, तिचा हात आपल्या इवल्याशा मुठीत धरला आणि खडू फिरवू लागली. ‘असं वर जायचं. मग खाली. घाबरू नकोस.’

बहीण दारातून हसली. ‘अगं, कोणाला शिकवतेयस?’ मावशीने डोळ्यांनीच तिला दटावलं.

‘आता तू एकटी काढ,’ म्हणत ठमीने हात सोडला.

मावशीने डोंगर पार वाकडा काढला.

‘चुकलं,’ ठमी म्हणाली आणि तिने पुन्हा हात धरला. सबंध दुपारभर मावशीला एकही डोंगर धड जमला नाही.