अक्काच्या दंडावरचा पट्टा

महिना होत आला. अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेत होतो. भाची रेखा रडत म्हणाली, "मामा, आई गेली... अंबाजोगाईला दवाखान्यात नेता नेता वाटंतच गेली." आणि मी, सांगायला लाज वाटते, आधी मोबाईलवर अक्काचा आलेख उघडला. सकाळपर्यंतची रेषा शांत होती. क्षणभर वाटलं, रेखाचीच काहीतरी चूक होतेय.

अक्का माझी थोरली बहीण, माजलगावजवळच्या खेड्यात नांदणारी. आम्ही बनवतोय तो दंडावर बांधायचा पट्टा घामाच्या ओलाव्यातून ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मोजतो आणि आकडे लगोलग मोबाईलवर पाठवतो. चाचणीसाठी माणसं हवी होती, अक्का हक्काची. आत सोन्याचे अतिसूक्ष्म कण आहेत, असं मी ऐटीत सांगितलं, तर ती हरखलीच. "सोनं हाय म्हणतोस? मग लई जपावं लागंल की रे, बाळू." मी हसलो. पुढे काही समजावून सांगायचं सुचलं नाही.

त्याआधी मी तिला दर रविवारी फोन करायचो. "कशी आहेस?" म्हटलं की ती म्हशीपासून सुरू करायची आणि फोन ठेवायचं नाव घ्यायची नाही. पट्टा आल्यावर ते फोन हळूहळू थांबले. तिची रेषा संथ दिसायची, मधेमधे तुटायची. गावात रेंज नसेल, असं मी धरून चाललो. अक्का मजेत आहे हे यंत्रच सांगत होतं, मग विचारायचं कशाला? एवढा शिकलो आणि अक्कल अशी गहाण टाकली.

दहाव्याला रेखाने पट्टा आणून दिला. मऊ फडक्यात गुंडाळलेला, दागिना ठेवतात तसा. "घामानं खराब व्हईल म्हणून आई कामाला जाताना काढून ठेवायची," ती म्हणाली. "आंघोळ करून निवांत बसली की बांधायची. मामाला चांगलं चांगलं दिसू दे, म्हणायची." अलीकडे तिची छाती धडधडायची, कापूस वेचता वेचता ती मटकन खाली बसायची, हे मला तिथे कळलं... घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग मला फोन का नाही केलास?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

 रेखाला राग आला असता तर बरं वाटलं असतं.

"मामा, तुमाला तर समदं मोबाईलवर दिसत व्हतं ना? आमाला वाटलं, तुमी बघताव."