नानांचा देवासचा डाव

नाना बुद्धिबळ खेळायला बसत, हे म्हणणंच चुकीचं. चाल केली, घड्याळ दाबलं की ते उठलेच. हात मागे बांधून खोलीभर फिरायचे, दुसऱ्यांच्या पटांत डोकावायचे, खिडकीशी जाऊन परत यायचे. धारच्या आमच्या चेस क्लबचे ते कॅप्टन. कोणी म्हटलं, "नाना, टिका ना जरा एका जागी," तर म्हणत, "भिया, बसून राहिलो की मला वाईट चाली सुचतात."

अलीकडे मात्र त्या फेऱ्यांमागे दुसरं कारण होतं. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, विसर पडू लागला होता. एकदा त्या दार उघडून निघाल्या त्या थेट बसस्टँडवर सापडल्या. तेव्हापासून नानांचं निम्मं लक्ष घराकडे असे.

देवासच्या सांघिक स्पर्धेला ते येणारच नव्हते. शेजारच्या वहिनी काकूंजवळ थांबायला तयार झाल्या, तेव्हा कुठे माझ्या गाडीत बसले. तिथे सगळ्यांचे मोबाइल बंद करून पंचांच्या टेबलावर ठेवायला लावले. नाना पांढरी मोहरी घेऊन खेळत होते. फेरी मारताना दर वेळी त्या टेबलापाशी रेंगाळत.

आमचे बाकीचे डाव आटोपले, सामना बरोबरीत होता. उरला फक्त नानांचा डाव. दोघांचा एकेक हत्ती शिल्लक, नानांचं एक प्यादं जास्त. समोर देवासचे एक शाळामास्तर होते. ते हळूच म्हणाले, "नाना साहब, ड्रॉ कर लें? आपको दूर जाना है."

नानांनी मोबाइलच्या टेबलाकडे पाहिलं. मला वाटलं, घेतात आता.

"नहीं मास्साब, खेलेंगे," म्हणाले, आणि प्यादं एक घर पुढे सरकवलं. उठले, फिरले, आले, हत्तीनं शह दिला. पुन्हा उठले. प्यादं वजीर व्हायच्या बेतात आलं, तेव्हा मास्तरांनी हात पुढे करून हार मानली.

बाहेर येताच नानांनी वहिनींना फोन लावला. सगळं ठीक होतं. गाडीत मी विचारलं, "बरोबरी का नाही घेतलीत?"

"माणसांची नावं विसरते ती. पण स्पर्धेहून आलो की विचारते, जिंकलात का? तेवढं अजून राहिलंय."

दिवेलागणीला धारला पोचलो. काकू दारातच उभ्या होत्या. नानांकडे बघून म्हणाल्या, "कोण हवंय आपल्याला?"

नाना पायरीवरच थांबले. मग काकूंना म्हणाले, "मी क्लबातून आलोय, वहिनी. तुमचे यजमान जिंकले, तेवढं सांगायला."

काकूंचा चेहरा उजळला. "मग येतीलच आता," त्या म्हणाल्या आणि नानांच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतर नाना धारबाहेर खेळायला गेले नाहीत.