निवृत्तीच्या संध्याकाळी बंद झालेले खाते

रेहाना मुल्लाणी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते भांडताना. विद्यापीठाच्या संगणक केंद्रात रुजू होण्याचे पत्र घेऊन मी दारात उभा होतो. आत केंद्रप्रमुख मॅडम परीक्षा विभागातल्या एका लिपिकांशी बोलत होत्या. त्या लिपिकांच्या टेबलाच्या काचेखाली, देवाच्या फोटोशेजारी, त्यांच्या साहेबांचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी मॅडमना दिसली होती.

"अवो मॅडम, साहेब रजेवर गेले की काम अडतंय. म्हणून ठेवलाय. सगळ्यास्नी ठाव हाय की. चोरून काय न्हाय."

"सगळ्यांना ठाव हाय, त्याच्यासाठीच भांडतोय मी," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "या पावणं, बसा. नवीन दिसताय. हे रोजचंच हाय."

कोल्हापूरच्या पुष्कळ बायकांप्रमाणे मॅडम स्वतःविषयी 'मी आलो, मी गेलो' असेच बोलतात. कुलगुरूंसमोर बसल्या तरी बोलण्याची ही धाटणी त्यांनी कधी बदलली नाही.

मॅडमच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांच्या कार्यावर लिहावे, असे संपादकांनी मला सांगितले, तेव्हा मी माझ्या जुन्या रोजनिशा काढून बसलो. फारसे काही हाती लागले नाही. बऱ्याच पानांवर 'आज सर्व सुरळीत' एवढेच आहे. जे दिवस मॅडमच्या कष्टाने सुरळीत गेले, त्यांच्याविषयी लिहायला मला काही सुचले नव्हते. आमच्या कामाचे हे असेच आहे. सगळे चालू असताना ते कोणाला दिसत नाही. बंद पडले की आधी फोन येतो आणि नंतर माणूस येतो. दिवस संपला की मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "दमलो बघ सतीश. आणि केलं काय विचारशील, तर काय सांगता येत न्हाय."

सांगता येण्यासारखे त्यांचे एक मोठे काम म्हणजे विद्यापीठाचे माहिती-तंत्रज्ञान धोरण. पहिला मसुदा इंग्रजीत होता. तो समितीपुढे अनेकदा गेला आणि प्रत्येक वेळी एखादा स्वल्पविराम बदलून परत आला, कारण तो कोणी वाचलेलाच नव्हता. शेवटी मॅडमनी तो साध्या मराठीत लिहून काढला. 'पासवर्ड म्हणजे आपली सही. सही उसनी देत नाहीत.' असे एक वाक्य त्यात होते. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "मॅडम, हे धोरणासारखं वाटत नाही." मॅडम म्हणाल्या, "कळलं न्हवं? मग राहू दे." ते राहिले.

त्याच धोरणात एक कलम आहे. नोकरी ज्या दिवशी संपते, त्या दिवशी संध्याकाळी त्या व्यक्तीचे विद्यापीठाच्या संगणकावरचे खाते बंद होईल. पद कोणतेही असो, अपवाद नाही. हे कलम कठोर आहे असे पुष्कळांना वाटते. ते कशातून आले, ते थोड्यांना माहीत आहे. एका विभागाचे प्रमुख अचानक वारले. दुःखाच्या त्या दिवसांत त्यांचे खाते बंद करायचे कोणाच्या मनात आले नाही. पासवर्ड सर्वांना ठाऊक होता, नव्या प्रमुखांचे आदेश निघायला वेळ लागत होता, म्हणून विभाग त्याच खात्यावरून कामे उरकत राहिला. एका शिक्षिकेने रजेचा अर्ज केला आणि तिला सरांच्या नावाने उत्तर आले, 'मंजूर'. ती रडत केंद्रात आली. मॅडमनी तिला चहा पाजला, खाते बंद केले आणि त्या दिवशी कोणालाही रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला तरी सुटी देऊ या."

नियम कडक ठेवला, तरी माणूस मात्र त्यांनी कधी दारात उभा केला नाही. निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला त्या आधीच फोन करत. समोर बसवून त्यांची पत्रे, छायाचित्रे, विद्यार्थ्यांचे प्रबंध उतरवून देत आणि घरचे नवे खाते उघडून देत. इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक मात्र रागावले. "मला हाकलताय काय तुम्ही?" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि निवृत्तीनंतर पन्हाळ्याला आपल्या घरी निघून गेले. सुटीच्या दिवशी मॅडम त्यांचा सगळा पत्रव्यवहार घेऊन पन्हाळ्याला गेल्या. मी सोबत होतो. सर दारातच म्हणाले, "आता कशाला आलाय?" मॅडम म्हणाल्या, "झुणका-भाकर खायला. ते झालं की तुमची पत्रं बघू." दुपार उलटून गेली तरी सर आपल्या विद्यार्थ्यांची जुनी पत्रे वाचून दाखवत होते. परतताना मॅडम गाडीत झोपून गेल्या.

माझ्यावर त्यांचे उपकार पुष्कळ आहेत. एकच सांगतो. निकालाचा आठवडा होता आणि गगनबावड्याकडच्या आमच्या गावी आई आजारी पडली. जावे की थांबावे, मला ठरवता येईना. मी संगणकासमोर नुसता बसून होतो. मॅडमनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"सर्व्हर माझ्यावर, आई तुझ्यावर. जा. आणि हिकडं काय चाललंय म्हणून फोन करू नकोस. उचलणार न्हाय."

मी फोन केला. त्यांनी उचलला नाही.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला, तेव्हा त्या कलमाचे ओझे माझ्यावर आले. खाती बंद करण्याचे काम माझ्याकडे होते. सकाळीच प्रशासनातून एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचा फोन आला. "सतीशराव, मॅडमचं खातं राहू द्या. आयुष्य घातलंय त्यांनी इथं. आदर म्हणून तरी." नंतर केंद्रातले सहकारी आले. "उद्या काय अडलं तर मॅडमना आत जाता आलं पायजे," असे एक जण म्हणाले. "न्हायतर आपली वाट लागंल." दुपारपर्यंत निरनिराळ्या तोंडून हेच ऐकले. बोलताना सगळे आदराचे नाव घेत होते, पण मला त्यात आमची सर्वांची भीती ऐकू येत होती. माझीही. खाते चालू राहिले असते, तर मॅडम घरी गेल्या असत्या आणि काम त्यांच्यामागोमाग घरी गेले असते. बंद केले, तर सगळ्या विद्यापीठासमोर मीच कृतघ्न ठरणार होतो.

मी मॅडमकडे गेलो. त्या कपाटातले आपले डबे, छत्री, औषधे पिशवीत भरत होत्या.

"मॅडम, खात्याचं काय करू?"

"मला का विचारतोयस? माझ्या खात्याचं मी सांगायचं व्हय? चालू ठेव म्हणालो तर म्हणतील, बाईनं स्वतःला सूट घेतली. बंद कर म्हणालो तर म्हणतील, ताठा दाखवला. तू ठरव."

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झाले, फेटा बांधून झाला, भाषणे लांबली. संध्याकाळ व्हायला आली तसा मी मागच्या रांगेतून उठलो, केंद्रात जाऊन खाते बंद केले आणि परत येऊन बसलो. सकाळी फोन केलेल्या अधिकाऱ्यांना जाऊन सांगितले. "एवढी काय घाई होती?" असे म्हणून ते पुढच्या पाहुण्यांकडे वळले. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी कामापुरतेच बोलले.

समारंभ संपल्यावर मॅडम डोक्यावर फेटा तसाच ठेवून केंद्रात आल्या. आपल्या खुर्चीत बसल्या आणि पासवर्ड टाकला. पडद्याने नकार दिला. बोट चुकले असेल म्हणून त्यांनी पुन्हा सावकाश टाकला. पुन्हा नकार. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे होतो.

"बंद हाय की," त्या म्हणाल्या. फेटा काढून मांडीवर ठेवला आणि खुर्चीत मागे रेलल्या. त्यांना तसे रेलून बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. "सुटलो बाबा."

सगळे गेल्यावर मी त्यांना म्हणालो, "मॅडम, मी नियम म्हणून केलं, की मला जमतंय हे लोकांना दाखवायला केलं, मला कळेना झालंय."

"दोन्ही असंल," त्या पिशवी उचलत म्हणाल्या. "बंद झालं न्हवं? मग झालं."

आता त्यांच्या खुर्चीत मी बसतो. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठ्या अजून सापडतात आणि मी अजून भांडतो. त्यांच्याइतके हसत भांडणे मला जमत नाही. यंदा प्रवेशाच्या दिवसांत यंत्रणा बंद पडली, दाराशी पालकांची रांग लागली आणि मला काही सुचेना, तेव्हा मी मॅडमना फोन लावला. या खेपेस त्यांनी उचलला.

"मॅडम, जरा अडचण..."

"आई कशी हाय रे?"

"बरी आहे. मॅडम, इथं..."

"बरी हाय न्हवं? बास. तिला सांग मी विचारलंय म्हणून." आणि त्यांनी फोन ठेवला.

यंत्रणा आम्ही दुपारपर्यंत उभी केली. कशी केली, ते इथे लिहिण्यासारखे नाही. रोजनिशीत त्या दिवशी 'सुरळीत' एवढेच लिहिले.

मॅडमनी साठी गाठली आहे. सकाळी त्या रंकाळ्यावर फिरायला जातात, गुडघा कुरकुर करतो, दुपारी झोपतात असे ऐकतो. तो गुडघा त्यांना पुष्कळ वर्षे साथ देवो, दुपारची ती झोप कधी न मोडो आणि त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. या ग्रंथाचे पुष्कळसे वाचक विद्यापीठातलेच असतील. कधी ना कधी अडून तेही मॅडमना फोन लावतील. तेव्हा मॅडमनी प्रत्येकाच्या आईची, लेकरांची नीट चौकशी करावी आणि फोन ठेवून द्यावा, एवढीच प्रार्थना.